चामोर्शीचा उन्हाळा आणि घरची बॅटरी

वैशाख लागला कीं चामोर्शीकडील घराघरांतून उन्हाळ्याची व्यवस्था सुरू होते. माठाखालीं ओली वाळू पसरली जाते, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतात, दुपारचें जेवण लौकर उरकतें, मुलांना बारानंतर अंगणांत उतरूं देत नाहींत, आणि गोठ्यांतील जनावरांनाहि सावलीच्या बाजूस बांधतात. गूळ कोणत्या कोपऱ्यांत ठेवावा, लोणच्याची बरणी कोठें हलवावी, हें घरांतील वडील स्त्रियांना सांगावें लागत नाहीं. या सर्व व्यवस्थेंत एका वस्तूची मात्र कोणास आठवण होत नाहीं. ती वस्तु म्हणजे जिन्याखालीं, पडवींत किंवा गच्चीवरील पत्र्याच्या खोलींत ठेवलेली बॅटरी. दिवसभर सूर्यापासून वीज घेऊन रात्रीं दिवा व पंखा चालविणारी ही मुकी चाकरमानी उन्हाळ्याचा ताप निमूटपणें सोसते, आणि दोन-तीन वर्षांत एके रात्रीं अकस्मात् थंडावते. मग कोणी दुकानदाराला दोष देतो, कोणी कारखानदाराला, आणि कोणी नशिबाला. खरा अपराधी बहुधा उष्णतामान असतो. आणि त्याचा बंदोबस्त पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असतो, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

बॅटरीची गरज कां पडते?

वैनगंगेच्या पूर्वेस गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शी हें तालुक्याचें गांव आहे. जवळच नदीकांठीं मार्कंडा येथें प्राचीन देवळांचा समूह असून महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. हा सारा मुलूख पूर्वीं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचा बहुतेक भाग अरण्यानें व्यापलेला आहे. तालुक्याच्या गांवीं विजेच्या तारा पोंचल्या म्हणून अंधाराचा प्रश्न सुटला असें नाहीं. तारा मैलोगणती रानांतून येतात. मृगापूर्वीच्या वादळांत एखादें झाड कोसळलें कीं रात्र अंधारांत काढावी लागते. तारांपासून दूर असलेल्या टोल्यांची व शेतांतील घरांची गोष्ट तर निराळीच.

अशाच घरांकरितां केंद्र सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या ‘सौभाग्य’ योजनेंत तारांऐवजीं सूर्याची वीज देण्याची तरतूद होती. जेथें तार नेणें परवडणारें नव्हतें, तेथें २०० ते ३०० वॅटचें पॅनेल, एक बॅटरी, पांच दिवे, एक पंखा व एक प्लग असा संच देण्याचें ठरलें होतें. त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी पांच वर्षांपुरती होती. पांच वर्षांनंतर काय, या प्रश्नाचें उत्तर बव्हंशीं बॅटरीच देते. कारण पॅनेल वीस-पंचवीस वर्षें टिकतें, दिवेहि बरेच टिकतात, आणि सर्व संचांत लवकर म्हातारी होते ती बॅटरी. तिची किंमत हजारों रुपयांत असते. ज्या घरांत धानाच्या एका पिकावर वर्षाचा संसार चालतो, त्या घरीं बॅटरी तीन वर्षांत जाणें आणि पांच वर्षें टिकणें यांतील अंतर म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा एखाद्या वर्षाचा खर्च होय.

पेटीच्या पोटांत काय चालतें?

शिशाच्या बॅटरीची मूळ कल्पना फ्रान्समधील गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाची, १८५९ सालची. तेव्हांपासून तिचें रूप सुधारलें, परंतु आंतील रसायन तेंच राहिलें. धन बाजूस शिशाचा प्राणिद, ऋण बाजूस सच्छिद्र शिसें, आणि दोहोंमध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल. दिवा लागला कीं दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें गंधकित बनतें आणि अम्ल पातळ होत जातें. पॅनेलकडून वीज आली कीं हीच क्रिया उलट चालते. असा एक घट सुमारें २ व्होल्टचा असतो. तसे सहा घट एका पेटींत ओळीनें जोडले म्हणजे आपली १२ व्होल्टची बॅटरी होते.

बॅटरी पूर्ण भरत आली कीं येणाऱ्या विजेला करण्याजोगें काम थोडें उरतें. मग ती वीज पाण्याचेंच विघटन करूं लागते. उद्जन व प्राण हे दोन वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर येतात, आणि बॅटरींतील पाणी हळूहळू कमी होतें. थोडे बुडबुडे हितकारकच असतात, कारण त्यांच्यामुळें तळाशीं बसलेलें जड अम्ल ढवळून निघतें. परंतु हे बुडबुडे केव्हां व किती जोरानें सुटावे, हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: एक, बॅटरीला दिलेला विजेचा दाब, आणि दुसरी, बॅटरीचें उष्णतामान. आपण दाबाकडे कधींमधीं पाहतों; उष्णतामानाकडे कोणीच पाहत नाहीं.

उन्हाळ्याची फसवी तरतरी

कोणतीहि रासायनिक क्रिया उष्णतेनें जलद होते. दूध माघांत जितका वेळ टिकतें तितका वैशाखांत टिकत नाहीं, आणि विरजण थंडींत लागतां लागत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बॅटरीचेंहि तसेंच आहे. उन्हाळ्यांत ती अधिक तरतरीत दिसते. दिवा थोडा जास्त वेळ चालतो, पंखा जोरानें फिरतो. पण हें तेज तापांतल्या माणसाच्या लाल चेहऱ्यासारखें आहे. ज्या वेगानें उपयोगी क्रिया चालते त्याच वेगानें विनाशकारी क्रियाहि चालतात. धन पट्टीच्या आंतील शिशाची जाळी गंजत जाते, पाणी उडतें, आणि बॅटरी वापरली नाहीं तरी तिच्यांतील सांठा आपोआप झिरपून जातो.

या विषयांतील जाणकार एक सोपा ठोकताळा वापरतात. उष्णतामान दर १० अंश सेल्सिअसनें वाढलें कीं बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्में होतें. आपल्याकडे बॅटरीची क्षमता २७ अंशांस मोजण्याची रीत आहे. समजा, त्या उष्णतामानास एखादी बॅटरी ६ वर्षें, म्हणजे ७२ महिने, टिकणारी आहे. चामोर्शीकडे उन्हाळ्याचे चार महिने तिचें सरासरी उष्णतामान ३७ अंश राहिलें, तर ते चार महिने तिच्या वयांत आठ महिने धरले पाहिजेत. बाकीचे आठ महिने २७ अंशांचे मानले, तर एका वर्षांत ती सोळा महिन्यांनीं म्हातारी होते, आणि ७२ महिन्यांचें आयुष्य साडेचार वर्षांत संपतें. आतां तीच बॅटरी पत्र्याच्या खोलींत ठेवली आणि तेथील उन्हाळ्याची सरासरी ४७ अंशांवर गेली असें समजूं. मग चार महिन्यांचे सोळा महिने होतात, वर्षाचे चोवीस, आणि बॅटरी तीन वर्षांतच निकालांत निघते. बॅटरी तीच, पॅनेल तेंच, दिवे तेच. फरक केवळ जागेचा. तेवढ्यानें दीड वर्ष गेलें!

येथें एक शंका निघेल. दुपारीं खोली तापली तरी रात्रीं ती निवते. मग सरासरी इतकी कां वाढावी? याचें कारण बॅटरीच्या वजनांत आहे. दीडशें ॲम्पिअर-तासांची पेटी अम्लासह पन्नास किलोंहून अधिक भरते. असा शिशाचा व पाण्याचा गोळा तापावयास तास लागतात आणि निवावयासहि तास लागतात. दुपारचा ताप तिच्या अंगांत संध्याकाळपर्यंत मुरत राहतो. मध्यरात्रीं आपण अंगणांत गार वाऱ्यास बसतों, तेव्हांहि ती आंतून कोमटच असते. शिवाय भरतांना व वापरतांना ती स्वतःहि थोडी उष्णता उत्पन्न करते, ती वेगळीच.

दाबाचा हिशेब

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्यें कंट्रोलर नांवाची एक लहानशी पेटी असते. बॅटरीला किती दाबानें वीज द्यावयाची हें ती ठरविते. पाणी घालावयाच्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीस २५ अंशांस पूर्ण भरतांना सामान्यतः १४·४ व्होल्टचा दाब देतात. परंतु उष्णतामान वाढलें कीं तितकेच बुडबुडे त्याहून कमी दाबास सुटूं लागतात. थंडींत त्याच कामास अधिक दाब लागतो. म्हणून दर अंशामागें दर घटास ३ ते ५ सहस्रांश व्होल्ट इतका फेरफार करावा, असें कारखानदार सांगतात.

मधला आंकडा ४ धरून हिशेब पाहूं. सहा घटांस दर अंशामागें २४ सहस्रांश व्होल्ट होतात. ज्येष्ठाच्या आरंभीं बॅटरी ४५ अंशांपर्यंत तापली, तर २५ अंशांपेक्षां ती २० अंशांनीं अधिक आहे. म्हणून दाब ०·४८ व्होल्टनें कमी, म्हणजे सुमारें १३·९ व्होल्ट, हवा. पौषांतील पहाटे ती १० अंशांवर आली, तर ०·३६ व्होल्ट अधिक, म्हणजे १४·८ व्होल्टच्या जवळपास, हवा. जवळजवळ एका व्होल्टचें हें अंतर बारा महिन्यांत एकाच गांवांत पडतें! ज्या कंट्रोलरला उष्णतामान कळत नाहीं तो बाराहि महिने १४·४ व्होल्टच देत राहतो. परिणामीं उन्हाळ्यांत बॅटरी जळते आणि हिवाळ्यांत उपाशी राहते. उपाशी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवरील गंधकिताचे कण कठीण होत जातात, आणि मग ते पुन्हां विरघळण्यास तयार होत नाहींत. अति भोजन आणि उपवास, दोन्हीं प्रकारांनीं प्रकृति बिघडते. मनुष्याची तशीच बॅटरीची.

चांगल्या कंट्रोलरांत हा फेरफार आपोआप होतो, पण त्यांतहि एक मेख आहे. पुष्कळ कंट्रोलर स्वतःच्याच पेटींतील उष्णतामान मोजतात, आणि बॅटरीचेंहि तेवढेंच असेल असें गृहीत धरतात. कंट्रोलर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर टांगलेला, आणि बॅटरी आंतल्या थंड खोलींत, अशी मांडणी असली कीं तो उगाच दाब कमी करतो आणि बॅटरी अर्धपोटीं राहते. उलट कंट्रोलर माजघरांत आणि बॅटरी पत्र्याखालीं असली, तर ती नको इतकी भरली जाते. म्हणून दोघांना एकाच खोलींत ठेवावें. किंवा तारेच्या टोकास लावलेला निराळा मापक मिळत असेल तर तो बॅटरीच्या कुशीला, मध्यापाशीं, चिकटवावा. या मापकाची किंमत नव्या बॅटरीच्या मानानें अगदींच क्षुल्लक आहे.

पाणी न घालावयाच्या बंद बॅटऱ्यांच्या बाबतींत ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. त्यांत उष्णतेनें प्रवाह वाढतो, वाढलेल्या प्रवाहानें पुन्हां उष्णता वाढते, आणि हें चक्र आवरलें नाहीं तर पेटी फुगते. फुगलेली पेटी पुन्हां वापरण्याच्या मोहांत कोणीं पडूं नये.

पॅनेलचेंहि गाऱ्हाणें

ऊन जितकें प्रखर तितकी वीज अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. वैशाखांत दुपारीं पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतें. दर अंशामागें त्याची शक्ति सुमारें ०·४ टक्का घटते. म्हणजे १०० वॅटचें पॅनेल ८४ वॅटच्या आसपास येतें. त्याचा दाबहि उतरतो. ३६ काचघटांचें पॅनेल २५ अंशांस १८ व्होल्टच्या आसपास काम करतें. तेंच तापल्यावर पावणेपंधरांवर येतें. त्यांत तार लांब व बारीक असली तर वाटेंतच अर्धा-पाऊण व्होल्ट खर्च होतो, आणि बॅटरीच्या पदरांत पुरेसा दाब पडतो न पडतो. म्हणून पॅनेल छपराला चिकटवूं नये. खालून वारा वाहण्यास वीतभर तरी जागा ठेवावी, आणि तार जाड घ्यावी.

थंड मुलुखांतील उलटा अनुभव

हीच विद्या लडाखांत नेली तर तिचें दुसरें अंग दिसतें. तेथें हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो. ऊन स्वच्छ, पॅनेल गार, त्यामुळें पॅनेल खुशींत असतें. पण बॅटरी आळसावते. शून्य अंशावर शिशाची बॅटरी आपल्या क्षमतेच्या सुमारें चार-पंचमांशच वीज देते. त्याहून मोठें भय गोठण्याचें. पूर्ण भरलेल्या बॅटरींतील तीव्र अम्ल उणे ५० अंशांसहि गोठत नाहीं. पण रिकाम्या बॅटरींतील पातळ अम्ल, ज्याचें विशिष्ट गुरुत्व १·१०० पर्यंत उतरलें आहे, तें उणे ७ अंशांच्या सुमारास गोठून पेटी फोडूं शकतें. चामोर्शीला हें भय नाहीं. पण यावरून एक गोष्ट ध्यानांत येते कीं बॅटरी विकणारा कारखाना एकच असला, तरी तिच्या संगोपनाचे नियम गांवोगांवच्या हवेप्रमाणें बदलले पाहिजेत.

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या हलक्या, दीर्घायुषी, आणि पाणी न मागणाऱ्या आहेत. त्यांच्या भरण्याच्या दाबांत उष्णतामानाप्रमाणें फेरफार करावयाचा नसतो. कंट्रोलरमध्यें ती सोय चालू असेल तर या बॅटरीसाठीं ती बंद करावी. मात्र शून्याखालीं त्यांना भरणें घातक असतें, आणि वरची मर्यादा पुष्कळ कारखानदार ४५ अंशांची सांगतात. आंतील रक्षक यंत्रणा ती मर्यादा ओलांडतांच वीज घेणें थांबविते. पत्र्याच्या खोलींत अशी बॅटरी ठेवली, तर ऐन दुपारीं, सूर्य मुक्तहस्तानें देत असतां, ती घेण्याचेंच नाकारील. तात्पर्य, नवी बॅटरी घेतली तरी जुन्या प्रश्नाला बगल देतां येत नाहीं. थंड जागा तिलाहि हवीच.

घरीं काय करावें?

पहिला उपाय जागेचा. जाड मातीच्या भिंतीचें, कौलारू घर चामोर्शीकडे अजूनहि आढळतें. त्यांतील उत्तरेकडील खोली बॅटरीस उत्तम. सिमेंटच्या घरांत गच्चीखालची खोली टाळून तळमजल्यावर, जमिनीलगत, लांकडी पाटावर तिला ठेवावी. दोन बॅटऱ्या असल्यास त्यांच्यामध्यें चार बोटें अंतर असावें, म्हणजे हवा खेळते. पण थंडावा हवा म्हणून तिला कपाटांत कोंडूं नये. तिच्यांतून निघणारा उद्जन वायु हवेंत शेंकडा ४ या प्रमाणांत सांठला तरी ठिणगीनें भडकूं शकतो. म्हणून स्वयंपाकघर व देवघर यांपासून ती दूर असावी. समईजवळ बॅटरी ठेवणें हें धाडस आहे. खोलीस वरच्या बाजूला झरोका असावा, कारण हा वायु हलका असल्यानें वर जातो.

दुसरा उपाय पाण्याचा. हिवाळ्यांत दोन-तीन महिन्यांनीं पाणी पाहिलें तरी चालतें. फाल्गुन ते ज्येष्ठ मात्र दर पंधरवड्यास पाहावें. पाणी डिस्टिल्डच घालावें. विहिरीचें किंवा बोअरिंगचें पाणी पिण्यास कितीहि गोड असलें तरी त्यांतील क्षार पट्ट्यांचा घात करतात. अम्ल कधींहि घालूं नये. उडतें तें पाणी, अम्ल जागच्या जागीं राहतें. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेंच पाणी आधीं घालावें, आणि बाकीचें बॅटरी पूर्ण भरल्यावर; नाहीं तर भरतांना फुगलेलें अम्ल बाहेर सांडतें.

तिसरा उपाय परीक्षेचा. हायड्रोमीटर नांवाची कांचेची नळी अम्लाचें विशिष्ट गुरुत्व दाखविते. पण उष्णतामान येथेंहि लुडबूड करतें. दर अंशामागें सुमारें ०·०००७ इतका फरक पडतो. २७ अंशांस जें गुरुत्व १·२५० असतें, तें ४५ अंशांस १·२३७ दिसतें. हें न जाणणारा मनुष्य बॅटरी भरली नाहीं असें समजून कंट्रोलरचा दाब वाढवितो, आणि आधींच तापलेल्या बॅटरीस अधिक तापवितो. म्हणून मोजणी पहाटे करावी, आणि आंकड्याबरोबर उष्णतामानहि लिहावें.

चौथी गोष्ट सुटीची. मे महिन्यांत लग्नकार्यास घर बंद करून सारी मंडळी नागपूर-पुण्यास जातात. जाण्यापूर्वीं पाणी भरून घ्यावें. पॅनेलची जोडणी तोडून बॅटरी तशीच टाकूं नये. उन्हाळ्यांत तिचा सांठा दुप्पट वेगानें झिरपतो, आणि परत येईपर्यंत ती निकामी होण्याच्या पंथास लागते.

हीं कामें लहान आहेत, परंतु सर्वांचीं म्हटलीं कीं कोणाचींच राहत नाहींत. एकत्र कुटुंबांत पूर्वीं कंदिलाच्या कांचा पुसणें व घड्याळास किल्ली देणें हीं कामें नेमून दिलेल्या माणसाकडे असत, आणि म्हणून तीं चुकत नसत. बॅटरीचेंहि तसेंच करावें. एक वही, एक नांव, आणि महिन्यांतून दोन तारखा ठरवाव्या. शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींस मोजणीच्या वेळीं जवळ बसवावें. अम्लापासून डोळे व हात कसे सांभाळावे हें त्यांना आधीं शिकवावें. पुस्तकांतील रसायनशास्त्र घरच्या कोपऱ्यांत चाललेलें पाहिलें म्हणजे तें विसरलें जात नाहीं.

हा प्रश्न केवळ घरापुरता नाहीं. दुर्गम भागांतील आरोग्य केंद्रांत लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. सूर्यावर चालणारीं लसींचीं शीतकपाटें पूर्वीं बॅटरीवर चालत. पण उष्ण देशांत त्या बॅटऱ्या कांहीं वर्षांतच निकामी होऊं लागल्या, तेव्हां जगभर बॅटरीवांचून थेट सूर्यावर चालणारीं शीतकपाटें निघालीं. तीं दिवसां बर्फ किंवा तसाच गारवा सांठवितात आणि त्यावर रात्र काढतात. परंतु प्रसूतीच्या खोलींतील दिव्यास असा पर्याय नाहीं. पावसाळी रात्रीं साप चावलेला मनुष्य दारीं आला, किंवा वेणा सुरू झालेली बाई खाटेवर आली, तर त्या वेळीं उजेड देईल ती बॅटरीच. तिची काळजी चैत्रांत घेतली असेल तरच आषाढांत ती उपयोगी पडेल.

सूर्याच्या विजेचें वर्णन फुकटची वीज असें केलें जातें. सूर्य खरोखरच कांहीं मागत नाहीं. किंमत पडते ती सांठविण्याची. आणि सांठवण म्हटली कीं सावली, वारा, पाणी व नियमितपणा हीं आलींच. मग तो धानाचा कणगा असो, लोणच्याची बरणी असो वा विजेची पेटी असो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं ज्या शहाणपणानें उन्हाळ्यांतून अन्न सांभाळलें, त्याच शहाणपणाच्या सीमेंत आतां बॅटरीलाहि घेतलें पाहिजे. यंदा माठाखालीं वाळू पसराल त्याच दिवशीं तिची जागा पाहावी, पाणी पाहावें, आणि कंट्रोलरवरील आंकडा वाचावा.